जहाज नेमके कशावर कापणार?

किनाऱ्यावरच्या छोट्या गावात जहाजतोडणीचा प्रस्ताव आला की चर्चा लगेच 'रोजगार की पर्यावरण' या ठरीव वळणावर जाते आणि दोन्ही बाजू एकमेकांना गावाचे वैरी ठरवून मोकळ्या होतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे: जहाज भरती-ओहोटीच्या गाळात कापणार, की सांडपाणी अडवता येईल अशा काँक्रीटच्या पक्क्या तळावर?

पहिल्या पद्धतीत मोठ्या भरतीच्या वेळी जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर किनाऱ्यावर चढवतात. ओहोटीला कामगार गॅस कटर घेऊन पुढच्या भागापासून कापायला लागतात आणि सुटलेला तुकडा खाली कोसळू देतात. कापाच्या रेषेवरचा रंग जळतो, त्याचे पोपडे चिखलात पडतात आणि पुढची भरती ते उचलून नेते. हे पोपडे गोळा करणारी यंत्रणा प्रस्तावात कितीही सुबक रंगवलेली असली, तरी दिवसातून दोनदा धुतल्या जाणाऱ्या गाळातून ते वेचणार कोण?

रंगाची भीती अनाठायी नाही. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावत असत. फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात १९७०च्या दशकात कालवांची पैदास ढासळली आणि कवचे जाड, वेडीवाकडी होऊ लागली, ती याच रसायनामुळे. १९८२ मध्ये तिथे लहान बोटींसाठी त्यावर बंदी आली. तिथे तर बोटी नुसत्या नांगरलेल्या होत्या, कोणी त्या कापत नव्हते. जुन्या जहाजात याखेरीज ॲस्बेस्टॉसची वेष्टने, केबलींच्या वेष्टनातली पीसीबी नावाची विषारी रसायने आणि टाक्यांच्या तळाशी साचलेला तेलकट गाळ असतो, तो वेगळाच.

'आंतरराष्ट्रीय निकषांनुसार' हे शब्द प्रस्तावात हमखास असतात. जहाजतोडणीविषयीचा, २००९ साली संमत झालेला आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी लागू झाला. त्यानुसार जहाजावरील घातक पदार्थांची यादी आणि तोडणीचा आराखडा बंधनकारक आहे, पण किनाऱ्यावर चढवून जहाज तोडण्याला त्यात मनाई नाही. युरोपीय संघाचा २०१३चा नियम याबाबत अधिक कडक आहे. तेव्हा कोणता निकष, हे नाव घेऊन विचारावे.

रोजगाराचे आश्वासन खोटे नसते. पोलादाला गिऱ्हाईक असते आणि कटर चालवणाऱ्या निष्णात कामगाराला मान असतो. मात्र मालवाहतुकीचे दर चढे असले की मालक जुनी जहाजेही चालवत राहतात, भंगारात काढत नाहीत, आणि तोडणीचे काम आटते. शिवाय ॲस्बेस्टॉसमुळे होणारा आजार अनेकदा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर कंत्राटदार कुठे असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून जनसुनावणीत घोषणांपेक्षा कागद मागावेत. पहिले जहाज येण्यापूर्वीच गाळाचे आणि शिंपल्यांचे नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावेत आणि अहवालाची एक प्रत ग्रामस्थांकडे राहावी. नाहीतर पुढे प्रदूषण आढळले, की ते आधीपासूनच होते, असे म्हणायला कंपनी मोकळी. सफाईच्या खर्चाची अनामतही परवाना देण्यापूर्वीच जमा करून घ्यावी, कारण तोट्यात गेलेल्या कंपनीकडून नंतर काही वसूल होणे कठीण असते.