ऑल्ट-ए

मंगळवार, रात्री उशिरा

ऑल्ट आणि ए. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या २.७९ व्हर्जनमध्ये ही दोन बटणं एकत्र दाबली की ॲनिमेशन चालायचं. आता नव्या व्हर्जनमध्ये दाबली की निवडलेलं सगळं सुटतं. चालवायला स्पेसबार. एवढीशीच गोष्ट. पण आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाची काठी, झूल, हार असं एकेक करून निवडायचं, आता चालवून बघू म्हणायच्या आत डावा हात आपला तिथं गेलेला असतो आणि पडद्यावरची नारंगी कड पुसलेली असते.

दुपारी माझ्या मशीनवर बसणाऱ्या पोरानं विचारलं, "ताई, दरवेळी ते काय दाबलालाव?"

त्यानं सहज विचारलं. त्याच्या मनात काहीच नव्हतं. तो शिकला तेव्हापासून डाव्या क्लिकनंच निवडतोय. एके काळी ब्लेंडरमध्ये उजव्या क्लिकनं निवडायचे, हे त्याला ऐकूनसुद्धा ठाऊक नाही. "सवय आहे," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. तेव्हापासून आत काहीतरी टोचतंय.

जुनं मशीन गेलं ते बरंच झालं. त्याच्या ग्राफिक कार्डाला ओपनजीएल ३.३ झेपत नव्हतं आणि पुढच्या व्हर्जनला, २.८० ला, तेवढं लागतंच. म्हणून जुलै २०१९ मध्ये सगळे पुढं गेले तरी मी मागंच राहिले. काम कुठं अडलं नाही. लग्नाच्या एलईडी वॉलवर उमलणारी नावं, चादरीच्या शोरूमच्या छोट्या जाहिराती, गणपती मंडळांचे मागचे पडदे. कुठल्या व्हर्जनमध्ये केलं, हे गिऱ्हाईक विचारत नाही. ते विचारतं, "संध्याकाळपर्यंत होईल का?" आणि मी हो म्हणायची. त्या 'हो'च्या मागं माझी बोटं होती.

आता हो म्हणण्याआधी मला थांबावं लागतं. टोचतंय ते हेच.

नवीन शिकायला मी कधी कंटाळले नाही. पण जे गेलं ते मी शिकलेच नव्हते, ते आपोआप हातात उतरलं होतं. जुन्यात वीस लेअर, म्हणजे वस्तू वेगवेगळ्या ठेवायचे थर असायचे, अंकांच्या बटणांवर. मला माझे लेअर नावानं नव्हे, जागेनं ठाऊक होते. तीनवर दिवे, पाचवर गर्दी, सातवर अक्षता. आता लेअर गेले आणि कलेक्शन आली. एकात दुसरं ठेवा, हवी तितकी करा. सोय मोठी आहे, नाही म्हणणार नाही. जुनी फाईल उघडली तर त्याच लेअरची कलेक्शन होऊन आली. पोरगा विचारतो, "कलेक्शन ७ म्हणजे काय?" अक्षता, म्हणाले. त्यानं लगेच तसं नाव टाइप केलं. बरोबरच केलं त्यानं. मला मात्र उगीच वाटलं, की माझ्या घरात कुणीतरी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतंय.

अप्पांच्या कारखान्यात माग बदलले तेव्हा त्यांच्या हातांचं काय झालं असेल? घरात कुणी विचारल्याचं आठवत नाही. राहू दे.

रागवायचं म्हटलं तर रागवायचं कुणावर, तेही सापडत नाही. २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं. त्यात माझा एक रुपया नाही आणि त्यावर माझं घर चाललंय. २.७९ अजूनही त्यांच्या साईटवर ठेवलंय, हवं तर या नव्या मशीनवरही उतरवून घेता येतं. एवढंच काय, नव्यातही पहिल्यांदा उघडताना विचारतात, निवडायला डावं क्लिक हवं की उजवं. इन्स्टॉल पोरानं केलं, म्हणून तो प्रश्न माझ्यासमोर आलाच नाही. आज रात्री सेटिंगमध्ये शोधला तेव्हा दिसला. 'उजवं' असा पर्याय तिथं अजून आहे. ते बघून डोळे भरून आले, खरं सांगते. सगळं नव्यानं लिहून काढताना कुणीतरी माझ्यासारख्यांच्या बोटांचा विचार केला होता.

तरी तो पर्याय निवडला नाही. दुपारी त्याच मशीनवर पोरगा बसतो.

मग गेल्या संक्रांतीची फाईल पुन्हा उघडली. रंग सगळे गेलेले. जुना रेंडरर, म्हणजे पडद्यावरचं अंतिम चित्र तयार करणारा भाग, त्यांनी २.८० मध्येच काढून टाकला, त्यासाठी केलेली मटेरियल नव्यात चालत नाहीत. सातही नंदीध्वज राखाडी, बाराबंदीतली माणसं राखाडी, अक्षतांचा संमती कट्टा राखाडी. स्पेसबार दाबला. काठ्या डोलल्या, तशाच. धरणाऱ्याच्या कमरेपाशी आधी हिसका बसतो, शेंडा जरा मागं राहतो, मग येतो आणि थोडा पुढं जातो. लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळं त्या काठीचं वजन मला माहीत आहे. शेंड्याच्या कीफ्रेम, म्हणजे हालचालीच्या खुणा, थोड्या फ्रेम पुढं सरकवल्या होत्या. सात काठ्यांचे सात वेगळे आलेख, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ग्राफ एडिटरमध्ये जाऊन टी दाबलं, व्ही दाबलं. दोन्ही बटणं जिथल्या तिथं. बराच वेळ उगीच हँडल ओढत बसले, मग पूर्ववत केलं. चौथी काठी जरा जड वाटत होती, तेवढी ठेवली.

आणि नव्या रेंडररचं, ईव्हीचं सांगायचं तर दिवा हलवला की उजेड तिथल्या तिथं हलतो. पूर्वी एक फ्रेम बघायलासुद्धा रेंडर लावून बसायचं. पोराला ते वाट बघणं कधी कळणार नाही, आणि कशाला कळायला हवं.

आय दाबलं की आता न विचारता कीफ्रेम पडते. पूर्वीचा मेनू हवा असेल तर के. हेही ध्यानात ठेवायचं.

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, तोंडावर आलाय. १४ तारखेच्या अक्षतांआधी पडदा द्यायचा आहे आणि रंग सगळे नव्यानं भरायचे आहेत. त्यात शोरूमवाल्यांचं टॉवेलचं काम. त्यांचा सकाळी फोन येईल, संध्याकाळपर्यंत होईल का म्हणून. परवा देते म्हणेन. नाराज होतील. होऊ देत.