मुंढा खाली कापू नका

मी ऑनलाइन ब्लाउज शिवायला शिकवते, आणि रात्री साडेदहानंतर माझ्या मोबाइलवर शिकणाऱ्या बायकांच्या पाठींचे फोटो यायला लागतात. भांडी झालेली असतात, दुकानाचं शटर खाली आलेलं असतं, आणि मी चष्मा लावून एकेक पाठ मोठी करून बघत बसते. कुणाच्या पाठीवर आडवी घडी, कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या काखेत कापडाचा गोळा.

परवा चंद्रपूरच्या एका ताईंचा मेसेज आला : "मॅडम, मुंढा घट्ट लागत होता म्हणून अर्धा इंच खाली कापला. आता हातच वर होईना."

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मला ते झोपेतही ऐकू येईल. मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, काचतो तेव्हा कुणालाही वाटतं, भोक लहान पडलं, मोठं करू. पण काखेखाली कापड कापलं की बाही खालून लटकायला लागते, आणि हात उचलला की अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. घट्टपणा बहुतेक वेळा खाली नसतोच, तो पुढच्या गोलाईत असतो. तिथं पाव इंच आत घ्यायचं, नाहीतर बाहीची दंडातली रुंदी वाढवायची, बाजूची शिलाई उसवून माया मोकळी करायची. (शिलाईत जास्तीच्या सोडलेल्या कापडाला आपण माया म्हणतो. ती ज्यांनी पोटभर सोडली त्यांचं सगळं दुरुस्त होतं.) या ताईंनी माया पाऊण इंच सोडली होती, म्हणून वाचल्या.

आता खरा प्रश्न. यूट्यूबवर कटोरी ब्लाउजचं (पुढे वाटीसारखे तुकडे जोडलेल्या ब्लाउजचं) कटिंग फुकटात दाखवणारे ढिगाने आहेत. प्रिन्सेस कट, मटका गळा, पान गळा, बोट नेक, काय म्हणाल ते. मग माझ्याकडे अठराशे रुपये भरून कुणी का यावं? मला याचं उत्तर सापडायला दीड वर्ष लागलं, आणि थोडे पैसेही गेले.

मी इचलकरंजीची. लेडीज टेलरिंगचं दुकान, दहा बाय बारा, दोन मशीन, हाताखाली एक मुलगी. हुक-काज आणि हेमिंगचं काम गल्लीतल्या दोघी घरी नेतात. कितीही ताणलं तरी दिवसाला अस्तरचे पाच ब्लाउज. दिवाळीत आणि लग्नसराईत बायका नुसत्या रांगेत उभ्या, आणि श्रावण संपला की पितृपक्षात माश्या मारायच्या. दर वाढवावा तर पुढच्या चौकात शंभर रुपये कमी घेणारी बसलेली. दुपारी घरी शिवणक्लास घ्यायचे, पण आमच्या बाहेरच्या खोलीत सहाच बायका मावतात, त्यातली एक दारात बसते. म्हणजे हातानं वाढवायचा धंदा जेवढा वाढायचा तेवढा वाढून झाला होता.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद पडलं. लग्नं पुढे गेली, शिवून ठेवलेले ब्लाउज न्यायला कुणी येईना. आम्ही मास्क शिवले, सगळ्यांनीच शिवले. क्लासच्या सहा जणींनी अर्धी फी भरलेली होती, ती परत मागितली नाही पण "मॅडम, व्हिडिओ कॉलवर दाखवा की" म्हणाल्या. फोन डब्याला टेकवून मी बाही लावून दाखवली. चाळीस मिनिटं झाली की झूमची फुकटची मीटिंग बंद पडायची, आणि ती नेमकी बाहीचा मध्य खांद्याला टाचताना पडायची.

पण त्या सहातल्या एकीची नणंद वडोदऱ्याला होती, तिनं विचारलं मला पण शिकता येईल का. तिच्या शेजारणीनं विचारलं. तेव्हा डोक्यात आलं, खोलीला भिंती आहेत, याला नाहीत.

मग मी एक चूक केली, ती सविस्तर सांगते. "तुमचा कोर्स बनवा, झोपेत कमवा" असं शिकवणाऱ्या एकाची जाहिरात मोबाइलवर रोज दिसायची. त्याला बारा हजार भरले. त्यानं सांगितलं, जितके जास्त व्हिडिओ तितकी जास्त किंमत. मी बेचाळीस व्हिडिओ केले. टेप कसा धरायचा इथपासून अनारकलीपर्यंत. किंमत ४,९९९, त्यावर काट मारून १,४९९, आणि खाली "फक्त आज". माझ्याच नणंदेनं फोन करून विचारलं, "फक्त आज म्हणजे? उद्या काय दुकान उठणार आहे का तुमचं?" लाज वाटली. चार महिन्यांत अकरा जणींनी घेतला. त्यातल्या दोघींनी शेवटपर्यंत बघितला. झोपेत कमवायचं राहिलं बाजूला, माझी झोपच गेली.

ते बेचाळीस व्हिडिओ मात्र कसे केले ते सांगण्यासारखं आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि तेव्हापासून या गावाला शांतता ठाऊक नाही. आमच्या भिंतीला लागून बारा मागांचा कारखाना. खटखट-खटखट, दिवसपाळी, रातपाळी. आम्हाला ऐकू येत नाही, माग थांबले तरच जाग येते. पण मोबाइलच्या माइकला सगळं ऐकू येतं. पहिला व्हिडिओ लेकीनं ऐकला आणि म्हणाली, "आई, तू ब्लाउज शिवतेयस का रेल्वेत बसलीयस?" गाद्या लावल्या, पडदे लावले, काही नाही. शेवटी उपाय सापडला तो असा, की वीज गेली की माग थांबतात. म्हणून वीज गेली रे गेली की मी हातातलं सोडून खिडकीपाशी धावायची. उजेड खिडकीचा, मशीन पायाचं, आणि दोन स्टुलांवर कपडे वाळत घालायची काठी आडवी टाकून तिला फोन उलटा बांधलेला. गल्लीतले सगळे वीज मंडळाला शिव्या घालायचे तेव्हा मी एकटी खूश. अजूनही माझे निम्मे व्हिडिओ तसेच आहेत. ज्यांना पाठीमागे कुठंतरी कुकरची शिट्टी ऐकू येते त्यांनी समजून घ्यावं.

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं केलेले पहिले सात व्हिडिओ फेकून द्यावे लागले. उलटे आले होते, आरशासारखे. माझ्या लक्षातच आलं नाही. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या टेपवरचे आकडे असे का दिसतात?" तोवर तिघींनी हुकाची पट्टी काजाच्या बाजूला शिवून टाकली होती.

आणि पॅटर्नची, म्हणजे कापायच्या कागदी नमुन्याची, पीडीएफ. हे मात्र जे कुणी शिवणाचा कोर्स करणार असतील त्यांनी नीट वाचा. मी ३६ छातीचा पॅटर्न लेकीकडून काढून घेतला, ए-फोर कागदांवर तुकड्या-तुकड्यात, प्रिंट काढून चिकटवायचा. पहिल्या बॅचमध्ये निम्म्या जणींचा ब्लाउज घट्ट. मी तीन दिवस माझं गणित तपासत बसले. गणित बरोबर होतं. झेरॉक्सवाल्यानं "फिट टू पेज" ठेवून प्रिंट दिलेली! चार टक्के लहान झालं तरी छत्तीसात जवळजवळ दीड इंच जातो. डोळ्याला कळत नाही, अंगाला कळतं. आता प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन असतो. तो टेपनं मोजल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही, आणि त्या चौकोनाचा फोटो मला आल्याशिवाय पुढचा व्हिडिओ मी पाठवत नाही. टेपसुद्धा नवा घ्यायला लावते. घरातला जुना टेप लांबलेला असतो. पट्टीला लावून बघा कधी.

या चौकोनाच्या फोटोवरूनच खरं तर गाडी रुळावर आली. त्या अकरा जणींपैकी ज्या दोघींनी कोर्स पुरा केला, त्या मला सारखे फोटो पाठवायच्या. हे असं का झालं, ते तसं का झालं. मी उत्तरं द्यायची, फुकट, जेवताना, बसमध्ये. एक दिवस आमचे हे म्हणाले (ते मागावर जॉबर आहेत, माग बिघडला की त्यांना उठवतात), "माग चालवायला कुणीबी शिकवंल गं. बिघडल्यावर कुठं बघायचं ते सांगणाऱ्याला पगार असतोय."

मी बेचाळीसचे चौदा व्हिडिओ केले. अनारकली काढून टाकली, पंजाबी ड्रेस काढून टाकला. फक्त अस्तरचा कटोरी ब्लाउज, सहा आठवडे, पंचवीस जणी. पहिला ब्लाउज मांजरपाटाचा, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाचा. तो आधी रात्रभर पाण्यात घालायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, कारण कोरं कापड आटतं. अस्तराचंही तेच. अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आत ओढून घेतं आणि वरच्या कापडाला फुगे येतात. मग बाई म्हणते शिलाई वाईट. मांजरपाटावर पेनानं रेघा मारायच्या, छातीची, कमरेची, मधली उभी. घालून फोटो काढला की रेघ जिथं वाकडी होते तिथं चूक. तो फोटो मी बघते आणि बोलून उत्तर पाठवते. दुसरा ब्लाउज साध्या सुती कापडाचा, आणि तिसरा त्यांच्या आवडीचा. व्हिडिओ हे निमित्त, विकते ती दुरुस्ती.

ब्लाउजमधला फोटो पाठवायला बायका लाजतात, आणि बरोबर आहे. मीही लाजले असते. म्हणून नियम केले. चेहरा कापूनच पाठवायचा. ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या नंबरवर. उत्तर दिलं की मी पुसून टाकते. ग्रुपवर फक्त टेबलावर पसरलेल्या ब्लाउजचे फोटो. हे लेखी दिल्यापासून फी भरायच्या आधी नवऱ्यांचे जे फोन यायचे ते कमी झाले. बंद नाही झाले.

पैशाचं विचाराल तर लपवत नाही. अठराशे गुणिले पंचवीस, पंचेचाळीस हजार. वर्षाला चार बॅच, एक लाख ऐंशी हजार. दिवाळीच्या आधी दोन महिने बॅच घेत नाही. त्यातून लेकीला एडिटिंगचे देते (पोरगी हिशेबाला पक्की आहे), ऑनलाइन पैसे जमा करून देणारे गेटवेवाले साधारण दोन टक्के कापतात, म्हणून ओळखीच्यांकडून यूपीआयनं घेते. आमच्या सीएंनी सांगितलं, ऑनलाइन कोर्सला जीएसटी अठरा टक्के आहे, पण सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. वीस लाख ऐकून हसूच आलं. यूट्यूबचंही चॅनल आहे, तिथून जाहिरातीचे पैसे यायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलेलं लागतं. हजार झाले, तासांचं अजून जमलेलं नाही. पण तिथं मी फक्त चुका टाकते, दोन-दोन मिनिटांच्या. "मुंढा खाली कापू नका" हा सगळ्यात जास्त बघितला गेला, आणि बॅचला येणाऱ्या बहुतेक जणी तोच बघून येतात.

पंचवीसच्या पन्नास का करत नाही असं सगळे विचारतात. एका बॅचला दीडशेच्या वर फोटो येतात, प्रत्येकाला दहा मिनिटं धरा. दोनदा पस्तीस घेऊन बघितल्या. दुसऱ्या वेळी मी एकीला खांदा कमी करायला सांगितला आणि तो दुसरीचा फोटो होता. तिचं कापड येवल्याच्या पैठणीतलं होतं. पैसे भरून दिले, पण ते कापड काही परत आलं नाही. तेव्हापासून पंचवीस, आणि पैठणीला चौथ्या ब्लाउजआधी हात लावायचा नाही. मोठे व्हा म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री बाराला माझ्या शेजारी बसून पाठी मोजाव्यात.

आमचे व्हिडिओ कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेत, नव्याण्णव रुपयांत. पहिल्यांदा रडले. आता सोडून दिलंय. त्यातून दोघी माझ्याकडेच आल्या, "व्हिडिओ आहेत मॅडम, फक्त फोटो बघाल का?" फी पूर्ण घेतली.

सध्या खणाच्या ब्लाउजचा छोटा कोर्स करायचं चाललंय. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा जुन्या पद्धतीचा खण पन्ह्याला (रुंदीला) कमी असतो, त्यात काठ बाहीला आणायचा म्हणजे मांडणी डोक्यानं करावी लागते, आणि ती बहुतेक जणींची चुकते. चार व्हिडिओ पुरतील. दोन झालेत. वीज जाईल तसं.

दुकान मात्र सोडलेलं नाही, सोडणारही नाही. रोज नव्या अंगावर टेप पडला नाही तर मी काय शिकवणार? पण गिऱ्हाइकं चिडतात. काल आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, माझा ब्लाउज कधी? का तोबी मोबाइलवरच घालून बघायचा?" मी म्हटलं, गुरुवारी नक्की.

गुरुवार म्हणजे उद्या. बाह्या अजून कापायच्यात.