लॅपटॉप जागा होतो, मॉनिटर होत नाही

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. डावीकडच्या मॉनिटरवर लेखकाचं टाचण किंवा हस्तलिखिताचं स्कॅन, उजवीकडच्या मोठ्या मॉनिटरवर मांडणी झालेलं पान, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर शब्दकोश व शंकांची यादी. डावा मॉनिटर लॅपटॉपला थेट एचडीएमआय केबलने जोडलेला आहे. उजवा डॉकमधून (एका केबलवर अनेक जोडण्या देणारी पेटी), डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या केबलने. डॉकची एकच टाइप-सी केबल लॅपटॉपला जाते आणि त्यातूनच चार्जिंगही होतं. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम आहे.

हळूहळू असं व्हायला लागलं, की जेवून आल्यावर लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड टाकायचा, आणि उजवा मॉनिटर काळाच. सेटिंग्जमध्ये पाहावं तर तिथे दोनच पडदे, तिसरा कधी नव्हताच अशा थाटात. उजवीकडच्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर एकावर एक येऊन पडलेल्या. ज्याला दोन पानं ओळीनं ओळ ताडून पाहायची असतात त्याच्यासाठी ही साधी गैरसोय नाही. कोणत्या परिच्छेदापर्यंत आलो होतो हे डोळ्यांना जागेवरून आठवतं, आणि जागाच मोडली की पान पुन्हा वरून वाचावं लागतं. मुदतीच्या दिवसांत हे फार जिवावर येतं.

केबल काढून परत लावली की मॉनिटर यायचा. त्यामुळे दुकानदाराने फोनवर लगेच निकाल दिला, ‘मॅडम, केबल खराब आहे, नवीन घेऊन टाका.’ नवीन केबलवरही तेच. मग मला वाटलं, केबल काढून लावल्याने नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ.

डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय या दोन्हींत ‘हॉट प्लग डिटेक्ट’ नावाची एक वेगळी तार असते. एचडीएमआयमध्ये ती 19 व्या पिनवर, डिस्प्लेपोर्टमध्ये 18 व्या. मॉनिटर त्या तारेवर व्होल्टेज देऊन सांगतो, ‘मी आहे.’ हे कळलं की लॅपटॉप मॉनिटरकडून ‘ईडीआयडी’ नावाची माहिती मागवतो. मूळ माहिती अवघी 128 बाइटची, पण त्यात बनवणाऱ्याची खूण, मॉडेल आणि कोणकोणतं रेझोल्यूशन चालतं हे सगळं असतं. ती वाचून झाली की चित्र सुरू होतं. म्हणजे त्या तारेवर व्होल्टेज नसेल, तर केबल कितीही घट्ट बसलेली असली तरी लॅपटॉपच्या लेखी मॉनिटर नाहीच.

लिनक्समध्ये हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं, आणि याचं मला फार कौतुक वाटतं. ‘सिस’ या फोल्डरमध्ये ‘क्लास’, त्यात ‘डीआरएम’, आणि तिथे ग्राफिक्सच्या प्रत्येक पोर्टचं एक फोल्डर असतं. त्यातली ‘स्टेटस’ नावाची फाइल उघडली की एकच शब्द दिसतो: ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’. मॉनिटर काळा असताना मी ती पाहिली. डिसकनेक्टेड. म्हणजे मॉनिटर सापडूनही चित्र येत नाही असं नव्हतं. तो सापडतच नव्हता. ज्या पोर्टवर ‘कनेक्टेड’ येतं पण पडदा काळा राहतो, त्याचं दुखणं वेगळं असतं आणि उपायही वेगळे. माझ्या मते ही फाइल पाहण्याआधी कोणताही उपाय करून पाहण्यात अर्थ नाही.

आता न सापडण्याचा दोष कोणाचा? लॅपटॉप, डॉक आणि मॉनिटर, तिघेही संशयित. इथे दोन गोष्टींनी मदत केली.

पहिली म्हणजे वेळ. चहाला उठले आणि लगेच परत आले, तर उजवा मॉनिटर बिनतक्रार यायचा. जेवण, बँक, बाजार असं काही झालं की यायचा नाही. लॅपटॉप दोन्ही वेळेला झोपलेलाच असायचा, मग फरक कुठे पडत होता?

दुसरी गोष्ट आमच्या भागातल्या वीज जाण्याची. घरात लॅपटॉप, डॉक आणि वायफाय इन्व्हर्टरवर आहेत, मॉनिटर नाहीत. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दुपारभर वीज बंद होती. लॅपटॉप तेवढा वेळ झोपलेला. वीज आल्याबरोबर मी तो उघडला, तर दोन्ही मॉनिटर हजर. इतक्या लांब झोपेनंतर असं कधी झालं नव्हतं. लॅपटॉप आणि डॉकच्या बाबतीत त्या दिवशी वेगळं काहीच घडलं नव्हतं. वेगळं घडलं ते फक्त मॉनिटरच्या बाबतीत: त्याची वीज जाऊन आली होती.

मग मुद्दाम करून पाहिलं. लॅपटॉप भरपूर वेळ झोपू दिला, उघडण्याआधी उजव्या मॉनिटरचं बटण दाबून तो जागा केला, आणि मग लॅपटॉप उघडला. आला! बटण न दाबता उघडला की गायब. पुन्हापुन्हा केलं तरी हेच.

तर घडत होतं ते असं. सिग्नल थांबला की मॉनिटर आधी साध्या स्टँडबायमध्ये जातो. आणखी काही मिनिटं गेली की गाढ झोपेत जातो, आणि तेव्हा माझा मॉनिटर ती ‘मी आहे’वाली तारही सोडून देतो. लॅपटॉप उठतो, तार पाहतो, तिथे कोणी नाही म्हणून सिग्नल पाठवत नाही. मॉनिटर सिग्नल आला की उठू म्हणून वाट पाहत राहतो. दारात दोघे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे राहावेत तसं. केबल काढून लावल्यावर मॉनिटरला समोर यंत्र आल्याचं नव्याने कळतं आणि तो उठतो, म्हणून ती युक्ती चालते आणि बिचाऱ्या केबलवर आळ येतो.

उपाय मॉनिटरच्याच मेन्यूत होता. मागच्या बटणांनी मेन्यू उघडला, वीजबचतीच्या पानावर ‘डीप स्लीप’ चालू होतं, ते बंद केलं. सगळ्या मॉनिटरांत हे याच नावाने असेल असं नाही, पण वीज किंवा ‘सिस्टम’ या विभागात शोधावं. त्याच मेन्यूत ‘ऑटो सोर्स’ होतं, म्हणजे एकेक पोर्ट फिरून सिग्नल शोधत बसणं. माझी केबल कायम एकाच पोर्टला असते, म्हणून तेही बंद करून डिस्प्लेपोर्ट पक्का केला. स्टँडबायमध्ये थोडी वीज जास्त जाते, म्हणून रात्री भिंतीवरचं बटण बंद करते.

यानंतर रोजचा त्रास संपला, पण पूर्ण नाही. अधूनमधून एक नवीनच प्रकार दिसायचा: मॉनिटर सापडायचा, पण 1024 गुणिले 768 वर. 2560 गुणिले 1440 च्या पडद्यावर तेवढंच ताणून दाखवलं की देवनागरीचे हाल होतात. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे सांगता येत नाहीत. माझ्या कामाला हे काळ्या पडद्याहून वाईट, कारण चुका नजरेतून निसटतात. मॉनिटर आहे हे कळलं पण ईडीआयडी वाचता आली नाही, की लिनक्स हे जुनं सुरक्षित रेझोल्यूशन धरतं. लॅपटॉप चटकन जागा होतो, डॉकला सावरायला थोडा वेळ लागतो, आणि त्या फटीत माहितीची मागणी वाया जाते.

याला दोन गोष्टी केल्या. डॉक बनवणाऱ्याने नवं फर्मवेअर, म्हणजे डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलेलं होतं, ते लिनक्सच्या ‘एफडब्ल्यूयूपीडी’ या साधनातून चढवलं. आणि एक चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. सिस्टमडी हा लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याच्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये ठेवलेली स्क्रिप्ट झोपण्याआधी ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ असा शब्द देऊन चालवली जाते. माझी स्क्रिप्ट ‘पोस्ट’ आलं की पाच सेकंद थांबते आणि त्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘डिटेक्ट’ हा शब्द लिहिते. तेवढ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडदे चालवणारा प्रोग्रॅम, ते पोर्ट नव्याने तपासतो. रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात, आणि पोर्टचं नाव आपल्या यंत्रावर काय आहे ते आधी बघून घ्यावं लागतं. गाढ झोपेतल्या मॉनिटरवर मात्र ही मात्रा चालली नव्हती, तार रिकामी असताना शंभरदा विचारलं तरी उत्तर ‘नाही’च येणार. म्हणून मेन्यूतली सेटिंग आधी, स्क्रिप्ट नंतर.

बऱ्याच जणांनी लॅपटॉपच्या झोपेचा प्रकारच बदल असं सुचवलं होतं, म्हणजे हलक्या झोपेऐवजी एस-थ्री नावाची जुनी, जास्त गाढ झोप. कित्येक नव्या लॅपटॉपांत ती मिळतच नाही. माझ्यात होती, पण दोष मॉनिटरकडे सापडल्यावर मी तिला हात लावला नाही.

भाच्याच्या विंडोज लॅपटॉपलाही हेच दुखणं होतं. ‘मावशी, मी रोज रीस्टार्ट करतो’ म्हणाला. त्याला आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायला सांगितली. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडं काम जात नाही. मग डिस्प्ले सेटिंग्जमधलं ‘डिटेक्ट’ दाखवलं. पण त्याच्याही मॉनिटरच्या मेन्यूत डीप स्लीप निघालं, आणि ते बंद केल्यापासून त्याला यातलं काहीच करावं लागलेलं नाही. विंडोज 11 मध्ये मॉनिटर जोडण्यानुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो तेवढा चालू करून दिला.