प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून आहे, आणि तरीही पुढची वीस वर्षे भुदरगडच्या किंवा पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण शहरात राहून शिकायचे तर राहायचे कोणाकडे आणि दोन वेळचे जेवायचे कुठे, याला त्याच्या घरात उत्तर नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, आणि पुढच्या काही वर्षांत मुस्लिम, लिंगायत, तसेच तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला तो २६ जुलै १९०२ रोजी, म्हणजे पहिल्या बोर्डिंगांनंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटीलही विद्यार्थी म्हणून येथील जैन बोर्डिंगमध्येच राहिले होते.

आजची उच्च शिक्षणाची रचना पालकांना समजावून सांगताना हाच इतिहास माझ्या मनात असतो. शिक्षण हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघांचेही नियम एकाच महाविद्यालयाला लागू होतात. पदव्यांचा दर्जा आणि विद्यापीठांचे अनुदान विद्यापीठ अनुदान आयोग पाहतो, अभियांत्रिकीसारख्या शाखांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, आणि राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतो. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. शिकवायचे महाविद्यालयाने, पण अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ही वाटणी आहे. स्वायत्त महाविद्यालयांना मात्र अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवता येतात.

बी.ए., बी.कॉम.चा प्रवेश बहुधा गावाजवळच्या महाविद्यालयात बारावीच्या गुणांवर होतो आणि तो तुलनेने सरळ असतो. खरी गुंतागुंत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि आपल्या भागात जागा वाढल्या, पण शुल्कही वाढले. आता या जागा राज्याचा सीईटी कक्ष, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा घेणारा कक्ष, केंद्रीभूत फेऱ्यांमधून भरतो. पसंतीक्रम भरताना पालक शाखा आणि महाविद्यालयाचे नाव पाहतात. मी त्यांना आवर्जून सांगतो की त्या गावात राहण्याचा खर्च किती, तेही आधीच विचारून घ्या, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते आणि पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र हे सगळे निकालाची वाट न पाहता काढून ठेवावे. चंदगड किंवा गगनबावड्याच्या मुलाला पडताळणी समितीसाठी कोल्हापूरला यावे लागले की घरातल्या कोणाची तरी त्या दिवसाची मजुरी बुडते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनी हिशेबात धरली पाहिजे.

शुल्काच्या बाबतीत राज्याने बरेच केले आहे, हे मान्य करायला हवे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी स्वाधार योजना आहे, आणि वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना आहे. पण महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरचा अर्ज मंजूर होऊन पैसे खात्यावर येईपर्यंत खोलीची अनामत आणि मेसचे पैसे घरूनच भरावे लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लागणी-पेरणीमुळे शेतकऱ्याचा हात रिकामा असतो. शुल्क माफ असूनही मुलीला पुण्याला न पाठवता जवळच्या, नको असलेल्या शाखेत घालणारी घरे मी पाहिली आहेत. त्या आईबापांना दोष देणे मला शक्य नाही.

देशात १८ ते २३ वयोगटातील उच्च शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण २०२१-२२ च्या पाहणीत २८.४ टक्के होते आणि नव्या शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातले. २०२० च्या धोरणातही तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा आला आहे.

या पैशातून पहिले काम कोणते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. केंद्रीभूत फेरीत महाविद्यालयाची जागा मिळते त्याच पत्रावर, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वसतिगृहाची जागाही मिळावी, आणि ती नसेल तर पहिल्या सहा महिन्यांचा भत्ता प्रवेशाच्या दिवशीच खात्यावर जमा व्हावा.