जरा चालून दाखवता का?

आमच्या घरी एक खेळ होता. टीव्हीवर कोणा लेखकावरचा माहितीपट लागला की बाबा पेपर खाली ठेवून म्हणायचे, "आता उठतील बघा." पाचेक मिनिटांत तो कवी किंवा कादंबरीकार खरोखरच खुर्चीतून उठायचा, चपला सरकवायचा आणि नदीकाठानं चालू लागायचा. कॅमेरा मागून, हात पाठीशी बांधलेले, सोबतीला बासरी. "चालले!" आम्ही भावंडं एकदम ओरडायचो. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण गेलं रे?" तिचंही फार चुकत नसे, कारण असे माहितीपट बरेचदा कोणी गेल्यावरच दाखवत.

बाबा गेले, खेळ राहिला. आता मी एकटाच मोबाइलवर खेळतो. निरीक्षण असं की लेखक पाण्याच्या कडेनं चालतात, गायक घाटाच्या पायऱ्या उतरतात आणि चित्रकार स्वतःच्याच चित्रासमोर असे उभे राहतात, जसं काही ते शेजाऱ्यानं काढलंय. दिग्दर्शक मंडळी चालत नाहीत. ती बोटांची चौकट करून आभाळाकडे बघतात.

बिचाऱ्या माहितीपटवाल्यांचाही नाइलाज असावा. गाणाऱ्याचं गाणं तरी ऐकू येतं. लिहिणं कुठून दाखवणार? चार तास बसून, दोन ओळी लिहून, त्याही खोडणाऱ्या माणसाचं चित्रण कोण बघेल? म्हणून त्याला चालवायचं.

परवापरवापर्यंत हे सगळं दुरून चाललं होतं. मग एका मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत कॅमेरा आला. समोरच्या वाड्यातले काका चित्रकार. ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झाले, आता जलरंगात जुने वाडे काढतात. मुंबईहून चार जण आले. बॅगा, दिवे, छत्र्या, गुंडाळलेल्या तारा. गल्लीतली पोरं दारात, मी खिडकीत.

साउंडवाल्या पोरानं कानाला हेडफोन लावले आणि घरातला एकेक आवाज पकडायला लागला. आधी पंखा बंद. मग फ्रिज. मग भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली. मग त्यानं खिडकीकडे बोट केलं. तिथं काकांचा कूलर घरघरत होता, पत्र्याचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावलेला. बाहेर पंचेचाळीस अंश. अशा दुपारी नागपुरात पाहुण्याला पाणी विचारायला विसरलं तर चालतं, कूलर बंद करा म्हणणं चालत नाही. काकू पदर खोचून बाहेर आल्या. "अहो बाप्पा, म्हाताऱ्याला मारून राहिले का तुम्ही?"

काका म्हणाले, "करू दे ना त्यांना. दहा मिनिटांचं काम आहे." झाला बंद.

आता ती गोष्ट सांगतो, जी काकांनी मला कितीतरी आधी सांगितली होती आणि त्या दिवशी त्यांना कोणी विचारली नाही. जलरंगातलं आभाळ ओल्या कागदावर उतरतं. रंगाचा हात एका कडेनं फिरवत न्यायचा, आणि मागची कड वाळायच्या आत पुढची तिला मिळाली पाहिजे. वाळली की तिथं रेघ बसते, करवतीच्या दातांसारखी, मग काही केल्या जात नाही. नागपूरचा मे महिना कागद असा पिऊन टाकतो की ब्रश पाण्यात बुडवून येईपर्यंत आभाळ वाळलेलं. म्हणून काका पाट कूलरच्या बाजूला मांडतात. वाळ्यातून येणारी ओली हवा कागदाला आणखी दोन-तीन मिनिटं देते, तेवढीच त्यांना हवी असतात. कूलर त्यांच्या ब्रशाइतकाच कामाचा.

कूलर बंद करून त्यांना सांगितलं, "आता काढा."

असली पंचाईत पिकासोचीही झाली होती, पण त्याला दिग्दर्शक बरा मिळाला. क्लूझो नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकानं १९५६ मध्ये त्याच्यावर चित्रपट केला. त्यात शाई अशी वापरली की ती कागदातून पलीकडे फुटते, आणि कॅमेरा पलीकडे. हात दिसत नाही, माणूस दिसत नाही, रेघा आपल्याआप उमटत जातात. एके ठिकाणी रीळ संपत येतं, क्लूझो उरलेला वेळ सांगत असतो, आणि पिकासो फुलाचा मासा करतो, माशाची कोंबडी, कोंबडीचा चेहरा. तिथं चालायला कोणाला सवडच नाही.

सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये रवींद्रनाथांवर माहितीपट केला तेव्हा रवींद्रनाथांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांना चालवायचा प्रश्न मिटला, तरी तरुणपणीचे प्रसंग नटांकडून करवून घ्यावेच लागले. माझा जीव त्यांच्या १९७२ च्या छोट्या फिल्मवर जास्त आहे. ती चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींवर आहे. शांतिनिकेतनात हे रायांचे मास्तर. पन्नाशीनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरी काम सुटलं नाही. त्यात मी बघत बसतो ते हात. फरशांवरून बोटं फिरतात, कड कुठं संपते ते चाचपतात. शिष्यानं गुरूवर केलेल्या फिल्ममध्ये गहिवर काठोकाठ असायला हवा होता, पण कॅमेरा मुकाट्यानं कामाकडे बघत राहतो.

आणि ज्यांना खरंच चालताना बघावंसं वाटतं त्यांचं काय? हिंदी कवी मुक्तिबोध नागपुरात आकाशवाणीत होते, 'नया खून' साप्ताहिकात होते. गालफडं बसलेली, तोंडात विडी, हा त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. ते गेले १९६४ मध्ये. टीव्ही मुंबईतच १९७२ मध्ये आला, नागपूर तर त्याच्याही मागून. या शहरातल्या रस्त्यांवरून रात्री विडी ओढत जाणाऱ्या त्या माणसाच्या एका मिनिटासाठी मी बाकीच्या सगळ्या बासऱ्या देऊन टाकीन.

असो. काकांचं राहिलं.

संध्याकाळी त्यांना फुटाळा तलावावर नेलं. दिग्दर्शक पोरगी गोड होती, "काका, जरा चालून दाखवता का?"

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. असंच, विचार करत."

"चालताना मी विचार नाही करत. गाड्या बघतो."

चार वेळा चालवलं. दोनदा सेल्फीवाली पोरं मध्ये आली, तिसऱ्यांदा चप्पल तुटली, चौथ्यांदा काकांना गोळेवाला दिसला आणि ते सरळ कॅमेऱ्याच्या बाहेरच गेले.

पाच-सहा महिन्यांनी रविवारी दुपारी तो कार्यक्रम लागला. बावीस मिनिटांचा. वाड्याच्या ओसरीवर अर्धी गल्ली बसलेली, संत्रा बर्फी फिरत होती. तलाव आला, बासरी आली, काका चालले. मी सवयीनं ओरडलो, बाकीचे माझ्याकडे बघायला लागले.

मग चित्र आलं. कूलर बंद असतानाचं. आभाळात आडव्या, दातेरी रेघा, एकावर एक. काकांनी मान फिरवली. पडद्यावर खादीचा झब्बा घातलेले एक समीक्षक आले आणि म्हणाले की या आभाळाच्या भेगांमध्ये विदर्भाच्या मातीची होरपळ दिसते, ही या चित्रकाराची खास शैली आहे.

काकू बर्फीचं ताट तसंच हातात धरून टीव्हीसमोर गेल्या आणि त्या समीक्षकांना म्हणाल्या, "कूलर बंद होता हो!"