मोंझाची कलती वळणं

इटलीतला मोंझाचा मोटार शर्यतींचा ट्रॅक म्हटलं की लोकांना वेग आठवतो. मला आठवतात ती झाडीतली काँक्रीटची कलती वळणं. मिलानजवळच्या राजेशाही उद्यानात हा ट्रॅक १९२२ साली काही महिन्यांत उभा राहिला. आज दिसणारी कलती वळणं मात्र १९५५ची. वर जावं तसा कल वाढत जातो, वरच्या कडेला तर धड उभंही राहता येत नाही. पृष्ठभाग असा खडबडीत की १९५६मध्ये फेरारीचे टायर फाटले, आणि १९६०मध्ये ब्रिटिश संघांनी शर्यतीवरच बहिष्कार टाकला.

१९६१च्या शर्यतीतल्या अपघातात फेरारीचा चालक फॉन ट्रिप्स आणि प्रेक्षकांचे जीव गेले. तो अपघात कलत्या वळणावर झालाच नव्हता, तो झाला पाराबोलिका या शेवटच्या वळणाच्या अलीकडे. तरी फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा त्या वळणांवर झाली नाही. ते योग्यच झालं, असं मी आजही ठामपणे म्हणतो.

१९७१ची शर्यत माझी सर्वात लाडकी: पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला आणि पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले! एकमेकांच्या मागच्या हवेचा फायदा घेत गाड्या अशाच झुंडीने पळायच्या. वेग फारच वाढला, म्हणून १९७२मध्ये शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं, आली आणि त्या झुंडी फुटल्या.