मान वर होते तेव्हा

खुर्चीत बसलेला बाप आणि समोर उभा राहून घर विकल्याचे सांगणारा मुलगा, एवढाच प्रसंग होता. मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र टिपणारा शॉट, आणि मुलाचा क्लोज-अप विनासायास झाले; अडले ते बापाच्या क्लोज-अपवर.

दिग्दर्शकांना कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खाली रोखलेला हवा होता, कारण हाय अँगलमध्ये माणूस दुबळा दिसतो. हे सूत्र पाठ करून सेटवर येणाऱ्यांची आमच्याकडे वानवा नाही. तालमीत मात्र त्या ज्येष्ठ नटाने शेवटच्या वाक्यापर्यंत नजर जमिनीवरून उचललीच नव्हती. वरून त्याचे कपाळ आणि मिटल्यासारख्या पापण्या, एवढेच दिसले असते. म्हणून छायाचित्रकार या नात्याने मी लेन्स त्याच्या डोळ्यांच्या किंचित खाली ठेवण्याचा आग्रह धरला. त्यामुळे डोक्यावरचा दिवा फ्रेममध्ये येऊ लागला आणि तो काढून प्रकाशयोजना पुन्हा बांधावी लागली, यावर निर्मिती व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहून जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

चेहरा 35 एमएमच्या रुंद लेन्सने जवळून घेतला काय किंवा 85 एमएमच्या लेन्सने लांबून, फ्रेममध्ये तेवढाच बसवता येतो. त्याची ठेवण बदलते ती अंतरामुळे. जवळून नाक पुढे येते, कान मागे सरतात. मी 85 लावून सहा फुटांवर गेलो. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) 2.8 वर असताना तिथे जेमतेम दोन-अडीच इंचांची खोली स्पष्ट राहते आणि मान वर होताना डोळे तेवढे सहज सरकतात. आमच्या फोकस पुलरने, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणाऱ्या सहायकाने, मॉनिटरकडे न पाहता, नटाच्या खांद्याची हालचाल हेरून ते अंतर पकडले. श्रेयनामावलीत या माणसांची नावे इतक्या खाली का असतात, हे मला कधीच कळलेले नाही.

त्यानंतर दिग्दर्शकांचा हाय अँगलही घेतला. त्यात वाक्यभर काही दिसत नव्हते, पण शेवटी वर आलेली नजर अंगावर आली, हे मान्य करावे लागेल.

संकलकाने दोन्ही शॉट वापरले: मान हलू लागताच माझ्या शॉटवरून त्यांच्या शॉटवर कट. कोनात पुरेसा फरक असल्याने कट खटकत नाही. परंतु त्या कटसरशी प्रेक्षक बापाची सोबत सोडून मुलाच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला तिथून हलवावे का, यावरून संकलकाचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.